येनचं राज्य एका वाक्यात गुंडाळू नका: चीनचा इतिहास मराठीत सांगणाऱ्यांना खुले पत्र

लेखक, भाषांतरकार, संपादक आणि निवेदक मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

चीनच्या तीन राज्यांचा काळ सांगायला घेतला की त्साओ त्साओ येतो, ल्यू बेई येतो, झुगे लियांगची चतुराई येते, सीमा यीचा संयम येतो. लोक आवडीने ऐकतात, आणि काळही तसाच रंगतदार आहे. पण इ. स. २३४ मध्ये झुगे लियांग गेला की सांगणाऱ्याची गाडी एकदम धावायला लागते. त्या धावपळीत ईशान्येकडच्या एका बंडाच्या वाट्याला एकच ठरलेलं वाक्य येतं: गोंगसुन युआन नावाच्या सरदाराने स्वतःला येनचा राजा म्हणवून घेतलं आणि सीमा यीने वर्षभरात त्याचा निकाल लावला. की लगेच पुढचं प्रकरण.

वाक्यात चूक काही नाही. पण त्या वाक्याखाली एक अख्खं शहर गाडलं गेलंय. ते तुम्ही उकरून दाखवावं, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

गोष्ट २३७ पासून सुरू केली की पहिल्याच पावलाला फसते. मग गोंगसुन युआन हा कुठून तरी उगवलेला उद्धट माणूस वाटतो. १८९ मध्ये जा. हान साम्राज्य कोसळत होतं, राजधानी दोंग झुओ या सरदाराच्या मुठीत गेली होती. त्याच्या शू रोंग नावाच्या सेनापतीने शिफारस केली आणि युआनचा आजोबा गोंगसुन दू याला ईशान्य टोकाच्या लियाओदोंग प्रांताचा कारभार मिळाला. दू मूळचा तिथलाच, श्यांगपिंग या मुख्य शहराचा. तरुणपणी शेजारच्या श्वानतू प्रांतात किरकोळ कारकून होता. अशा माणसाने आपल्यावर साहेबी करावी हे तिथल्या बड्या घराण्यांना पचणं शक्य नव्हतं. दूने शंभराहून जास्त घराणी मुळासकट उपटली. ज्या अधिकाऱ्याने पूर्वी त्याच्या मुलाला पाच शिपायांवरचा नाईक करून राबवलं होतं, त्याला श्यांगपिंगच्या भर बाजारात फटके मारून ठार केलं. सत्ता अशी बसवली. नंतर त्साओ त्साओने त्याला योंगनिंगचा सरंजामदार अशी पदवी पाठवली. त्यावर दू म्हणाला, मी लियाओदोंगचा राजा आहे, योंगनिंग कसलं घेऊन बसलात! ती मुद्रा त्याने शस्त्रागारात टाकून दिली. म्हणजे नातवाने ज्या राजपदाची घोषणा केली, ते आजोबाच्या तोंडी केव्हाच होतं.

आणि याच क्रूर माणसाच्या मुलखात हजारो लोक जीव वाचवायला आले. मध्य चीनमध्ये पिकं जळत होती, शहरं ओस पडत होती. लियाओदोंग दूर होतं, थंड होतं, पण तिथे शांतता होती. बिंग युआन नावाचा विद्वान तिथे राहायला गेला, तर वर्षभरात शेकडो कुटुंबं त्याच्या आसऱ्याला आली. ग्वान निंग हा त्याचा मित्र तिथे तीसहून अधिक वर्षं राहिला. त्याच्या गावातल्या विहिरीवर बायकापुरुषांची गर्दी व्हायची, पाण्यावरून भांडणं व्हायची. ग्वान निंगने बरीच भांडी विकत घेतली, स्वतः पाणी शेंदून ती भरली आणि गुपचूप विहिरीपाशी ठेवून दिली. हे कोण करतंय ते लोकांना कळलं आणि भांडणं थांबली. शेजाऱ्याची गाय त्याच्या शेतात घुसली, तेव्हा तिला हाकलण्याऐवजी सावलीत बांधून त्याने चारा घातला. गोंगसुन घराण्याने वेळोवेळी दिलेल्या भेटी तो घेत गेला, पण एकाही वस्तूला हात लावला नाही. २२३ मध्ये मायदेशी परतताना त्याने सगळ्या जशाच्या तशा मोहोरबंद करून परत पाठवल्या.

हा ग्वान निंग तुमच्या कथनात का नसतो? येनच्या राज्यात कोण राहत होतं हे त्या विहिरीवरून जितकं कळतं तितकं एकाही लढाईवरून कळत नाही. पुढे वेढा पडला तो अशा माणसांच्या शहराला. ती निर्वासितांची दुसरी-तिसरी पिढी होती.

मधली वर्षं भरभर सांगितली तरी चालतील. २०४ मध्ये दू वारला. मुलगा कांग याने २०७ मध्ये आश्रयाला आलेल्या, युआन आडनावाच्या दोन परक्या भावांची मुंडकी त्साओ त्साओला पाठवून घराणं वाचवलं आणि कोरियाच्या द्वीपकल्पात दाइफांग नावाचा नवा प्रांत उभा केला. कांगनंतर भाऊ गोंग गादीवर आला. त्याला २२८ मध्ये बाजूला सारून पुतण्या गोंगसुन युआनने, म्हणजे कांगच्या मुलाने, सत्ता घेतली.

आता इथे एक सावधगिरीची सूचना. पराभूतांची बाजू मांडायची म्हणून गोंगसुन युआनला स्वातंत्र्यवीर करून टाकू नका. तसा तो नव्हता. तीन राज्यांपैकी वेई त्याच्या पश्चिमेला आणि वू दक्षिणेला, समुद्रापलीकडे. या दोन सम्राटांच्या मध्ये त्याचा मुलूख होता आणि दोघांनाही खेळवत राहणं हाच त्याचा धंदा. २३२ मध्ये त्याने वूच्या सुन च्युआनकडे दूत पाठवून मांडलिकी पत्करली. सुन च्युआन हरखला. दरबारातल्या वृद्ध झांग झाओने परोपरीने विरोध केला; ऐकलं नाही तेव्हा आजाराचं निमित्त करून तो दरबारात यायचा थांबला. संतापलेल्या सुन च्युआनने त्याचं दार बाहेरून मातीने लिंपून टाकलं, तर म्हाताऱ्याने आतूनही लिंपून घेतलं. २३३ मध्ये झांग मी आणि शू येन हे वूचे दूत दहा हजार माणसं, जडजवाहीर आणि 'येनचा राजा' ही पदवी घेऊन समुद्रमार्गे निघाले. युआनने ऐवज ठेवून घेतला आणि दूतांची मुंडकी वेईला पाठवली. बदल्यात वेईने त्याला सेनेतलं सर्वोच्च पद आणि लेलांगचा ड्यूक ही पदवी दिली. झांग झाओ बरोबर ठरला. सुन च्युआन त्याच्या दाराशी माफी मागायला गेला, तरी तो बाहेर येईना. शेवटी दाराला आग लावूनही तो हलला नाही, मुलांनी आधार देऊन बाहेर काढलं.

झांग झाओच्या दाराची गोष्ट रंगवून सांगणारे बरेच भेटतील. मला त्याच मोहिमेतली दुसरी गोष्ट हवी आहे. दूतांबरोबर आलेल्या माणसांना युआनने पांगवलं. त्यातल्या साठेक जणांना उत्तरेकडे श्वानतूला धाडलं. दोनशे घरांचं गाव. लोकांच्या घरात राहायचं, ते देतील ते खायचं. छिन दान, ह्वांग छियांग, झांग छ्युन आणि दू दे या चौघांनी गाव पेटवून सूड घ्यायचा बेत केला. कुणीतरी फितूर झालं. रातोरात तट ओलांडून चौघे पळाले. झांग छ्युनच्या गुडघ्याला गळू झालं होतं, त्याला चालवेना. दू दे त्याला धरून डोंगरातून चालवत होता. शेकडो ली (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) चालून झाल्यावर झांग छ्युन कोसळला आणि म्हणाला, माझे दिवस भरले, तुम्ही पुढे व्हा, सगळे मिळून मरण्यात काय अर्थ? दू दे म्हणाला, हजारो कोसांवरून जगण्यामरण्याची सोबत करत आलो, आता टाकून जाणार नाही. छिन दान आणि ह्वांग छियांग यांना पुढे पाठवून तो मागे थांबला आणि रानभाज्या, रानफळं आणून मित्राला जगवत राहिला. पुढे गेलेले दोघे कोगुर्यो या शेजारच्या राज्याच्या राजापर्यंत पोचले. राजाने माणसं पाठवून या दोघांना आणवलं आणि पंचवीस माणसांच्या सोबतीने, हजार सेबलच्या कातड्यांच्या नजराण्यासह चौघांना वूला पोचतं केलं. सुन च्युआनसमोर आल्यावर त्यांना दुःख आणि आनंद दोन्ही आवरेनात, असं नोंदवून ठेवलंय. राजे आणि सेनापती एकमेकांना मुंडकी भेट पाठवत होते त्याच वर्षी, त्याच मुलखात हे घडत होतं. सव्वा मिनिटात सांगून होईल. सांगा.

२३७ मध्ये वेईने ग्वानछिउ ज्येनला फौज देऊन पाठवलं आणि युआनला दरबारात हजर व्हायचा हुकूम दिला. युआनने लियाओस्वी इथे त्याला अडवलं. दहाबारा दिवस पाऊस कोसळला, नदीला पूर आला, वेईची फौज माघारी गेली. त्यानंतरच युआनने येनचा राजा म्हणून घोषणा केली, हानचा वारसा चालवणारा असा नवा शक सुरू केला, मंत्री नेमले. ज्यांनी विरोध केला त्या लुन झी आणि ज्या फान यांना मारलं. ज्या पावसाने त्याला राजा केलं, तो पुढच्या वर्षीही आला.

२३८ मध्ये वेईचा सम्राट त्साओ रुईने आपला सेनापती सीमा यीला छांगआनहून बोलावून विचारलं, किती दिवस लागतील? जायला शंभर, लढायला शंभर, परतायला शंभर आणि विश्रांतीला साठ. वर्ष पुरे, असं उत्तर आलं. चाळीस हजारांची फौज निघाली. युआनच्या सेनापतींनी नदीकाठी मैलोन्मैल खंदक खणून ठेवला होता. सीमा यीने दक्षिणेला निशाणं नाचवून त्यांना तिकडे ओढलं, उत्तरेकडून नदी ओलांडली आणि थेट श्यांगपिंगचा रस्ता धरला. इथवरची युद्धकला तुम्ही उत्तम सांगता, त्यात मी काय भर घालणार!

मग तीस दिवसांहून जास्त पाऊस लागला. लियाओ नदी इतकी फुगली की रसदीच्या नौका नदीच्या मुखापासून थेट तटाखाली आल्या. वेईच्या तळावर काही फूट पाणी चढलं. तळ हलवू या असं बोलणाऱ्याचं मुंडकं उडवलं जाईल, असा हुकूम निघाला. झांग जिंग नावाचा अंमलदार बोलला, त्याचं उडालं. पुरामुळे वेढा पुरा आवळता येत नव्हता. शहरातले लोक बाहेर येत, लाकूडफाटा गोळा करत, गुरं चारत. त्यांना पकडू द्या, असं सेनापतींनी विनवलं. सीमा यीने नकार दिला. चेन ग्वी नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने विचारलं, मंग दाच्या बंडाच्या वेळी तर तुम्ही झपाट्याने किल्ला घेतलात, आता एवढे सावकाश का? सीमा यीचा हिशेब स्वच्छ होता: तेव्हा शत्रूकडे वर्षाचं धान्य होतं आणि आपल्याकडे महिन्याचंही नव्हतं. आता शत्रू जास्त आहेत, आपण कमी. ते उपाशी आहेत, आपण पोटभर. त्यांची गुरं आणि लाकडं लुटली तर ते पळून जातील. त्यांना गाफील राहू द्या.

या उत्तराला आपण 'संयम' म्हणतो. युद्धशास्त्राच्या चष्म्यातून तो आहेही. पण तटाच्या आतून बघितलं तर हा एका शहराला उपाशी मारण्याचा बेत आहे. पाऊस थांबला, मातीचे उंचवटे रचले गेले, भुयारं खणली गेली, गोफणयंत्रांतून दगड बरसू लागले. धान्य संपलं. माणसांनी माणसं खाल्ली, फार लोक मेले. एवढंच लिहून बखरकार पुढे जातो. किमान तुम्ही तरी तिथे थांबा.

युआनने आपला मुख्यमंत्री आणि आणखी एक वृद्ध अधिकारी पाठवून वेढा उठवण्याची याचना केली. सीमा यीने दोघांना ठार केलं. मग ओलीस पाठवायला तयार आहे, असा निरोप घेऊन वेई येन नावाचा युआनचा दूत आला. त्याला मिळालेलं उत्तर प्रसिद्ध आहे: लढता येत असेल तर लढा, लढता येत नसेल तर तट राखा, तेही जमत नसेल तर पळा, उरले दोन मार्ग, शरण या नाही तर मरा. हात बांधून स्वतः शरण येत नाही, म्हणजे मरायचं ठरवलंय; ओलीस नको. सप्टेंबरअखेर शहर पडलं. युआन आणि त्याचा मुलगा काही शे घोडेस्वारांसह तट फोडून निघाले आणि लियांग नदीपाशी मारले गेले.

बहुतेक कथनं इथे संपतात. नेमकं इथेच संपवू नका, हे माझं मुख्य सांगणं. शहर हाती आल्यानंतर पंधरा वर्षांवरच्या सात हजारांहून अधिक पुरुषांना मारण्यात आलं. त्यांच्या प्रेतांचा ढीग रचून त्यावर माती लोटली गेली, विजयाचं स्मारक म्हणून. येनचे मंत्री आणि दोन हजारांवर अधिकारी वेगळे मारले. चाळीस हजार घरं आणि तीन लाखांवर माणसं वेईच्या दप्तरी जमा झाली. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे युआनने काकाची गादी बळकावली तेव्हा पाच वर्षांचा होता. दूतांचा खून, दुहेरी पदव्या, नवा शक यातलं त्याने काहीही केलं नव्हतं.

न्यायाने बोलायचं तर सीमा यीने त्याच दिवसांत इतर गोष्टीही केल्या. कैदेतल्या म्हाताऱ्या गोंगला सोडवलं. लुन झी आणि ज्या फान यांच्या वारसांना मान दिला. परत मायदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना मोकळीक दिली, फौजेतल्या साठीपुढच्या हजारावर माणसांना घरी पाठवलं. आणि याच फौजेतले शिपाई थंडीने काकडत सदरे मागायला आले तेव्हा दिले नाहीत. जुने सदरे पडून आहेत, देऊन टाका, असं कुणीतरी सुचवलं. तो म्हणाला, सदरे सरकारी आहेत, चाकराला ते परस्पर वाटता येत नाहीत. हा माणूस एका विशेषणात मावत नाही. प्रेतांचा ढीग वगळून जो 'महान डावपेची' उरतो, तो मात्र अर्धाच सीमा यी असतो.

राजधानी ल्वोयांगमध्ये आणखी एक माणूस मेला. युआनचा थोरला भाऊ ह्वांग ओलीस म्हणून तिथे राहत होता. भाऊ बंड करणार, असं त्याने स्वतः दरबाराला वारंवार कळवलं होतं. बंड झालं, ह्वांग तुरुंगात गेला. गाओ रोउ नावाच्या न्यायाधिकाऱ्याने लेखी विनंती केली: त्याने खरंच आधी कळवलं असेल तर जीवदान द्या, नसेल तर उघड शिक्षा करा, तुरुंगातच संपवू नका. सम्राटाने ह्वांगला आणि त्याच्या बायकामुलांना सोन्याचा चुरा प्यायला पाठवला आणि पुरायला चांगली शवपेटी दिली. गाओ रोउचं नाव मराठी वाचकापर्यंत पोचलं तर मला फार बरं वाटेल.

साधनांबद्दलही बोलू. मूळ इतिहास लिहिणारा चेन शोउ जिन राजवटीचा नोकर, आणि जिन राजवट २६६ मध्ये सीमा यीच्याच नातवाने स्थापलेली. त्याने गोंगसुन घराण्याच्या चरित्रात 'हजारांनी मुंडकी' एवढ्यावर विषय आटोपलाय. सात हजारांचा आकडा आणि प्रेतांचा ढीग येतो तो ६४८ मध्ये, तांग राजवटीत पुऱ्या झालेल्या जिनच्या इतिहासात, जेव्हा सीमा घराण्याची भीती उरली नव्हती. चौघा फरारींची गोष्ट वाचली ती पेई सोंगझीने ४२९ मध्ये जोडलेल्या टिपांमुळे. बखर कोणाच्या आश्रयाने लिहिली गेली ते आधी बघा आणि अस्सल कागद शोधा, हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी वाचकाला शिकवून शतक उलटलं. शिवकाळाबद्दल आपण ही शिस्त पाळायचा आग्रह धरतो. चीनचा इतिहास सांगताना ती सैल का व्हावी? त्याच तांगकालीन इतिहासात असंही आहे की जिनचा सम्राट मिंग याने आपल्या पूर्वजांनी राज्य कसं मिळवलं ते मंत्री वांग दाओकडून ऐकलं आणि पलंगावर तोंड झाकून म्हणाला, असं असेल तर आपलं राज्य टिकणार तरी कसं? सीमा यीच्या वंशजाला जे ऐकवलं गेलं, ते आपल्या श्रोत्यांपासून लपवण्याचं काहीच कारण नाही.

या वर्षभराच्या राज्याचा नकाशावरचा परिणाम तुम्ही सांगितलात तर श्रोते थक्क होतील. लियाओदोंग, लेलांग आणि दाइफांग वेईच्या हाती आले आणि कोरियाच्या किनाऱ्याने समुद्राची वाट खुली झाली. त्यानंतर लगेच जपानी बेटांवरच्या हिमिको राणीचे दूत दाइफांगमार्गे ल्वोयांगला पोचले. वेईने तिला राणी म्हणून मान्यता, मुद्रा आणि शंभर आरसे दिले. कोगुर्योने सीमा यीला मदत म्हणून काही हजार माणसं पाठवली होती. मधली भिंत पडल्यावर तेच वेईचे शेजारी झाले आणि २४४ मध्ये त्याच ग्वानछिउ ज्येनने त्यांच्यावर चाल केली. त्साओ रुई २३९ च्या जानेवारीत वारला. परतीच्या वाटेवरच्या सीमा यीला घाईने बोलावून बालसम्राटाच्या दोन पालकांपैकी एक नेमलं गेलं आणि दहा वर्षांनी त्याने सगळी सत्ता हिसकावली.

चित्रांसाठी व्हिडिओ गेममधली चिलखतं वापरायची गरज नाही. श्यांगपिंग म्हणजे आजचं ल्याओनिंग प्रांतातलं लियाओयांग. तिथे हान-वेई काळातली भित्तिचित्रं असलेली दगडी थडगी आहेत. १९६१ मध्ये चीनने ती राष्ट्रीय संरक्षित स्मारकांच्या पहिल्या यादीत घेतली. त्यांत रथ आहेत, मेजवान्या आहेत, स्वयंपाकघरात राबणारी माणसं आहेत. येनची प्रजा दाखवायची तर ही दाखवा.

पुढच्या वेळी या प्रकरणाला एका वाक्याऐवजी अर्धा तास द्या. सात हजारांचा आकडा कुठल्या ग्रंथातला, किती काळाने लिहिलेला, हे आकड्याबरोबरच सांगा. कुणी या विषयावर संहिता किंवा लेख लिहायला घेतला तर नावं, सनावळ्या आणि संदर्भ ताडून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक वाचक